कामिनीताईंचं रिटर्न

उत्तराबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सक्करदऱ्याच्या त्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं. एकट्या उत्तराबाईंनाच माहीत नव्हतं. त्या शाळेच्या हेडक्लार्क. बावीस वर्षं पगारबिलं त्यांच्या हातून गेली, कोणाचं किती कापलं, कोणाचा सोसायटीचा हप्ता किती, कोणी मुलीच्या लग्नाला पीएफ काढला, सगळं तोंडपाठ. आणि तोंडपाठ असलेलं तोंडातच ठेवायचं असते हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. बाई मनानं वाईट नव्हत्या हो. कोणाच्या घरी दुखलंखुपलं तर डबा घेऊन पहिल्या त्याच हजर. पण डब्यात काय नेलं, कोणासाठी नेलं आणि पेशंट कसा दिसत होता, हे दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अख्ख्या स्टाफरूमला कळायचं.

शाळेतल्या तेवीस जणांचं इन्कमटॅक्सचं रिटर्न कामठीचे महादेवराव भरायचे. बारीक माणूस, सत्तरीला टेकलेला, पांढरा शर्ट, हातात रेग्झिनची बॅग. जून संपता संपता ते यायचे, लायब्ररीत एका टेबलाशी बसायचे आणि एकेकाला आत बोलवायचे. आत गेलेल्या माणसाला पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "दार लावून घ्या." मग दहा-पंधरा मिनिटं काय काय विचारायचे. घर कोणाच्या नावावर, भाडं येते का, आईबाप कोणाकडे राहतात, घरी कोणी आजारी आहे का, कर्ज कशासाठी काढलं. पाचशे रुपये फी. त्या दाराचा उत्तराबाईंना फार राग होता.

"मी पगाराचा एक-एक रुपया मांडते, फॉर्म सोळा मी बनवते, आणि हे बुवा माझ्याच शाळेत दार लावून बसतात. एक कागद भरायचा त्यात एवढं गुपित कायचं?" असं त्या दरवर्षी म्हणायच्या.

एका उन्हाळ्यात त्यांचा भाचा ऋषी आला आणि त्यानं त्यांच्या लॅपटॉपवर रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. "मावशी, पॅन टाक, ओटीपी टाक, मागच्या वर्षीचं सगळं आपोआप येते. प्रश्न विचारते, तू हो-नाही म्हण. झालं." उत्तराबाईंनी स्वतःचं रिटर्न वीस मिनिटांत भरलं आणि दहाव्या दिवशी रिफंड खात्यात. झालं! बाईंचे पाय जमिनीला लागेनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "यंदा कोणी पाचशे रुपये द्यायचे नाहीत. मी सगळ्यांचं भरून देते. फुकट."

फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणते? मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या मोठ्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला तर्री-पोह्यांच्या प्लेटा, आणि उत्तराबाईंच्या मागे सातआठ डोकी वाकलेली. बाई प्रश्न मोठ्यानं वाचायच्या, समोरचा उत्तर द्यायचा, बाकीचे मस्करी करायचे. अमोलसरांच्या बचत खात्याचं व्याज निघालं तर त्यांना सगळ्यांनी समोसे मागितले. मजाच मजा. चार दिवसांत चौदा जणांचं झालं.

कामिनीताई मात्र टाळत होत्या. त्या पाचवीला मराठी शिकवायच्या. बारा वर्षांपूर्वी संस्थेच्या सावनेरच्या शाळेतून बदलून आलेल्या. शांत बाई. नवरा वारलेला, मुलगी काजल लग्नाची, मुलगा सुशील पुण्याला कंपनीत. कोणात फार बसायच्या नाहीत, पण उत्तराबाईंशी जमायचं, कारण दोघी एकाच वयाच्या.

"माह्यं राहू दे वं उत्तरा. मी महादेवरावांकडूनच भरते. सवय हाये," त्या म्हणाल्या.

"काहून? त्यांना पाचशे द्यायची हौस आहे का? आण तो मोबाईल इकडे, ओटीपी सांग."

"अवं, नंतर पाहू."

"नंतर-बिंतर काही नाही. बस इथं."

कामिनीताईंना हात धरून बसवलं. आता हे लक्षात ठेवा, हात धरून बसवलं. उत्तराबाई पुढे कितीतरी रात्री त्याच हाताकडे पाहत बसणार होत्या. ओटीपी आला, मागच्या वर्षीचं रिटर्न उघडलं आणि बाईंनी सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पगार, पीएफ, विमा. मग त्या थांबल्या.

"हे काय गं? दिव्यांग आश्रितासाठी वजावट, सव्वा लाख. आश्रित कोण, तर मुलगा! दिव्यांगत्व तीव्र!" बाईंचा आवाज वर चढला. "तुझा सुशील तर पुण्याला आहे ना कंपनीत? आणि हा पाहा, सर्टिफिकेटचा नंबरसुद्धा ठोकून दिला आहे!"

मागची डोकी आणखी खाली वाकली. कामिनीताईंनी मोबाईल ओढून मुठीत घेतला.  मग हळूच म्हणाल्या, "चुकून झालं असन."

"चुकून? माझ्या फॉर्म सोळामध्ये असं काही नाही. म्हणजे हे महादेवरावांनी नंतर घुसवलं. रिफंड जास्त काढून द्यायचा म्हणजे गिऱ्हाईक खूश! पेपरात वाचलं नाही का, खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांना नोटिसा येऊन राहिल्या म्हणून? कामिनी, तू तर वाचलीस बाई माझ्यामुळे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सॉफ्टवेअरचा यात काही दोष नव्हता बरं का. त्यानं जे होतं ते दाखवलं, बिचारं. ते काही हसत नव्हतं, कोणाला सांगत नव्हतं. मोठ्यानं वाचणारं तोंड बाईंचं होतं.

बाईंनी तिथल्या तिथं ती वजावट काढून टाकली. तेवढ्यानं भागलं नाही. नोटीस यायच्या आधी आपणच मागच्या वर्षीचंही दुरुस्त करू म्हणून त्यांनी ते रिटर्नही नव्यानं भरायला लावलं. रिफंड मिळालेला परत, वर व्याज, वर जादा कर. चौतीस हजार रुपये. कामिनीताईंनी दुसऱ्या दिवशी बिनबोभाट भरले. कोणी एवढे पैसे भरताना एक शब्द बोलत नाही, याचं उत्तराबाईंना तेव्हा नवल वाटायला हवं होतं. त्यांना वाटलं, बाई घाबरली आहे.

पुढच्या रविवारी उत्तराबाई, अमोलसर आणि शारीरिक शिक्षणाच्या रितिकामॅडम, तिघं कामठीला महादेवरावांच्या दारात. बाईंनी छापलेला कागद त्यांच्या पुढ्यात धरला. "हे काय आहे सांगा."

महादेवरावांनी चष्मा लावून कागद नीट वाचला. मग विचारलं, "कामिनीबाई काय म्हणाल्या?"

"ती काय म्हणणार? म्हणाली चुकून झालं असेल."

म्हाताऱ्यानं कागदाची घडी करून तो बाईंना परत दिला. मग म्हणाला, "त्या असं म्हणाल्या ना? मंग चूक माहीच असन."

"असन नाही, लिहून द्या," उत्तराबाई म्हणाल्या. "बाकीच्यांच्या जिवाला घोर लागला आहे."

त्यांनी लिहून दिलं. श्रीमती कामिनी यांच्या विवरणपत्रात माझ्याकडून चुकीची वजावट दाखवली गेली, त्यांचा काही दोष नाही, मी दिलगीर आहे. खाली सही. अक्षर मोत्यासारखं. उत्तराबाईंनी कामठीच्या बसमध्ये बसल्या बसल्या त्या कागदाचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्यांची रांग लागली. "मॅडम, वाचवलं तुम्ही." "चोर निघाला बुढा." त्या हंगामात महादेवरावांकडं त्या शाळेतलं एक माणूस गेलं नाही. बाजूच्या दोन शाळांमध्येही बातमी पोचली. ग्रुपवरचा फोटो आणि वाऱ्यावरचा भुसा, दोघांना कोण आवरणार?

डिसेंबरात कामिनीताईंच्या पेन्शनचे कागद करायची वेळ आली. मेमध्ये त्या निवृत्त होणार होत्या आणि प्रस्ताव सहा महिने आधी पाठवावा लागतो. त्यात कुटुंबाच्या माहितीचा एक फॉर्म असतो. उत्तराबाईंनी तो तीनदा मागितला. कामिनीताई आज देते, उद्या देते करत राहिल्या. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर, शिपाई वर्गाची कुलपं लावत असताना, त्या ऑफिसात आल्या. एक लिफाफा टेबलावर ठेवला.

"आईबाप गेल्यावर दिव्यांग पोराले जन्मभर पेन्शन भेटते ना वं?" त्यांनी विचारलं.

"भेटते. सर्टिफिकेट लागते. कोणाचं आहे?"

कामिनीताईंनी लिफाफा पुढे सरकवला. उत्तराबाईंनी लिफाफा उघडला. सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र. सुशील. बौद्धिक दिव्यांगत्व, नव्वद टक्के, कायमस्वरूपी. फोटोत एक गोल चेहऱ्याचा तरुण, तोंड थोडं उघडं, कॅमेऱ्याकडं न पाहता बाजूला कोणाकडं तरी पाहून हसणारा. आणि खाली नंबर. हेडक्लार्कची नजर ती. आकडा एकदा पाहिला की विसरत नाही. जुलैत 'ठोकून दिला आहे' म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर वाचला होता तोच नंबर.

  मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ना, ते काय असते हे त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी समजलं.

"सुशील... पुण्याला नाही?"

"तो मले सोडून दुसऱ्या खोलीतही जात नाही. पुण्याले कुठून जाईन? मी शाळेत असते तवा माही बहीण येऊन बसते त्याच्याजवळ." कामिनीताई अगदी सरळ बोलत होत्या, हजेरी घेतल्यासारख्या. "सावनेरले सगळ्याईले माहीत होतं. कोणी कीव करे, कोणी काजलले पाहून म्हणे, हिच्याही पोटी असंच निघालं तर? म्हणून इथं आल्यावर मी पुणं सांगून टाकलं. एकदा सांगितलं की ते निभवा लागते."

"अगं पण फॉर्म सोळामध्ये का नाही सांगितलंस? मी पगारातूनच टॅक्स कमी कापला असता. एवढी वर्षं आधी जास्त कापून घ्यायचं आणि मग रिफंड मागायचा..."

कामिनीताईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. "तुले सांगा लागलं असतं ना."

बस. एवढंच. रागानं नाही, टोमणा म्हणून नाही. पाऊस पडते म्हणून छत्री घेतली, असं म्हणावं तसं. उत्तराबाईंच्या डोळ्यांसमोर बारा वर्षं उभी राहिली. बारा वर्षं ही बाई दर महिन्याला जास्तीचा कर कापून घेत होती, जूनमध्ये लायब्ररीचं दार लावून महादेवरावांना सर्टिफिकेट दाखवत होती, आणि हे सगळं कशासाठी? तर उत्तरा नावाच्या मैत्रिणीला समजू नये म्हणून.

"मग त्या दिवशी मला थांबवलं का नाहीस? एक शब्द बोलली असतीस..."

"सगळ्याईसमोर काय बोलू? आणि काजलचं जमून राहिलं होतं तवा." त्यांनी पदर नीट केला. "महादेवराव दिवाळीत घरी आले होते. म्हणे, यंदाचं मी सुधारून देतो, मुदत हाये. देलं करून. फी नाही घेतली. मागच्या सालचे गेले ते गेले."

"ते चौतीस हजार मी देते, कामिनी."

"पैशाचं राहू दे." मग लिफाफ्याकडं बोट करून, "एवढा फॉर्म कोणाले न दाखवता पाठवजो. होईन ना तुह्याच्यानं?"

होईल ना तुझ्याच्यानं! उत्तराबाईंनी मान हलवली. बोलायला गेल्या असत्या तर रडू फुटलं असतं, आणि रडायचा हक्क आपला नाही हे तेवढं त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या कामठीला गेल्या. महादेवराव अंगणात उन्हाला बसून तूर निवडत होते. बाईंना पाहून सूप बाजूला ठेवलं आणि सुनेला चहा सांगितला. जणू काही झालंच नव्हतं. उत्तराबाईंना वाटलं, यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही? सर्टिफिकेट तुम्ही पाहिलं होतं. मला हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं."

"तुमच्यासोबत दोघं होते," महादेवराव म्हणाले. "आणि कामिनीबाईनं तुमाले सांगितलं नव्हतं. त्याईनं नाही सांगितलं, मंग मी कोण सांगणारा? पाचशे रुपये काय नुसते आकडे भराचे घेतो का बाई मी?"

"तुमचा धंदा बसला माझ्यामुळे."

"बसला," म्हातारा म्हणाला. खोटं बोलून त्यांना बरं वाटू द्यायची त्याला गरज वाटली नाही. "चाळीस होते, आता नऊ राहिले. जे हायेत ते कामठीतले."

"मी आजच ग्रुपवर टाकते. सगळं खरं लिहिते. तुमची माफी मागते सगळ्यांसमोर."

"काय लिहान?"

उत्तराबाईंनी मोबाईल काढला, ग्रुपही उघडला. काय लिहिणार? महादेवराव खरे होते असं लिहिलं, तर कामिनीचा मुलगा खरा झाला. एकाचं नाव धुवायचं तर दुसरीचं झाकलेलं उघडं करायचं. जन्मभर ज्या तोंडानं काही आत ठेवलं नाही, त्यात आता एक गोष्ट अशी येऊन बसली की बाहेर काढता येत नव्हती.

"समजलं ना?" महादेवराव म्हणाले. "राहू द्या आता पोटात. सवय होते."

सवय कुठली होते? फेब्रुवारीत काजलचं लग्न झालं. मांडवात रितिकामॅडमनी विचारलं, "सुशील दिसत नाही?" कामिनीताई काही बोलायच्या आत उत्तराबाईच बोलल्या, "कंपनीवाले सुट्टी देतात का? माझा भाचा रडतो रोज." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही झाकायसाठी तोंड उघडलं होतं, आणि जेवण त्यांना गेलं नाही. शाळेत ज्या दिवशी कोणी म्हणे "मॅडम, तुमच्यामुळे त्या चोरापासून वाचलो," त्या दिवशी त्या ऑफिसचं काम काढून उठून जायच्या.

मेमध्ये कामिनीताईंचा निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, साडी. अमोलसर बोलायला उठले. चांगलं बोलले, मग सवयीनं मस्करीवर आले, "आणि कामिनीमॅडमना त्या कामठीच्या लबाडापासून कोणी वाचवलं, तर आपल्या उत्तरामॅडमनी! टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. कामिनीताई मांडीवरच्या शालीकडं पाहत होत्या. उत्तराबाई उठल्या. त्यांना भाषण करायचं नव्हतं, यादीत नावही नव्हतं.

"थांबा. टाळ्या नका वाजवू." त्या म्हणाल्या. "ती चूक महादेवरावांची नव्हती. माझी होती. त्या दिवशी लॅपटॉपवर माझ्या भाच्याच्या ओळखीच्या एकाचं रिटर्न उघडं होतं. मी ते कामिनीचं समजून वाचलं. भलत्याची वजावट हिच्या नावावर सांगितली. हिला चौतीस हजारांना बुडवलं आणि त्या माणसाला चोर ठरवलं. मला हे डिसेंबरात समजलं. मी पाच महिने गप्प बसले."

 मग अमोलसर म्हणाले, "पण मॅडम, त्यांनी तर माफी लिहून दिली होती."

"तिघं जण दारात जाऊन उभे राहिलो, मी तोंडाला येईल ते बोलले. म्हातारा माणूस काय करेल? लिहून घेतलं मी. दिलं नाही त्यांनी."

"कमाल आहे! एवढं साधं कसं दिसलं नाही तुम्हाला?" कोणीतरी मागून हसलं. "मग आमचीही अशीच भरली का?" दुसरं कोणी म्हणालं. रितिकामॅडमनी विचारलं, "ते रिटर्न होतं तरी कोणाचं?"

"ते सांगत नसतात," उत्तराबाई म्हणाल्या आणि बसल्या.

दुसऱ्या दिवशी निम्म्या स्टाफनं पासवर्ड बदलले. संस्थेच्या सचिवांनी बोलावून समज दिली. हेडक्लार्कला स्क्रीनवरचं नाव वाचता येत नाही, याचा विनोद बाजूच्या शाळांपर्यंत गेला, आणि यावेळी उत्तराबाईंनी तो जाऊ दिला. जूनमध्ये अमोलसर स्वतः कामठीला जाऊन महादेवरावांची माफी मागून आले. ते पुन्हा यायला लागले. तेवीसातले सतरा जण त्यांच्याकडं गेले. उत्तराबाईंना यातलं श्रेय नको होतं आणि कोणी दिलंही नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या निरोपाच्या दिवशी हॉल रिकामा झाल्यावर कामिनीताई पिशव्या घेऊन ऑफिसाच्या दारात आल्या. उत्तराबाई पंखा बंद करून अंधारातच बसल्या होत्या. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या.

"येजो वं एखाद्या रविवारी घरी," त्या म्हणाल्या. "सुशील घरीच राहते."

आणि गेल्या.

उत्तराबाई आता स्वतःही निवृत्त झाल्या आहेत. कामिनीताईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत त्या दोनदा जाऊन आल्या. दुसऱ्यांदा तर हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा होता. घराची खिडकी दिसत होती, आतून कोणाच्या तरी मोठ्यानं हसण्याचा आवाज येत होता, आणि कामिनीताई त्या हसणाऱ्याला काहीतरी भरवत होत्या. बाई ऑटोतच बसून राहिल्या. माफ करणाऱ्या माणसाच्या घरात कोणत्या तोंडानं शिरायचं, हे त्यांना अजून समजलेलं नाही. ऑटोवाल्यानं विचारलं, "उतरायचं का, मॅडम?" त्या म्हणाल्या, "नाही गा. वापस चल."